नाताळची बरणी आणि दारूबंदीचा कायदा

नोव्हेंबरच्या मध्यावर, आगमनकाळ सुरू होण्यापूर्वीच, वसईच्या किनारपट्टीवरील अनेक ख्रिस्ती घरांत चिनी मातीची एक मोठी बरणी धुऊन उन्हात वाळत ठेवलेली दिसते. काळी द्राक्षे किंवा मनुका, साखर, उकळून गार केलेले पाणी, मूठभर गहू आणि थोडे यीस्ट एवढ्या ऐवजावर एकवीस दिवसांत नाताळची वाईन तयार होते. बरणी कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची, रोज एकदा लाकडी चमच्याने ढवळायची, तिला धातूचे भांडे लागू द्यायचे नाही आणि मुलांनी झाकण उघडून पाहायचे नाही, असे आमच्या आजीचे नियम होते. त्यातला शेवटचा नियम आम्ही पाळला असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर आणि पुढे नवीन वर्षापर्यंत घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नेवरी व केकबरोबर इवल्याशा पेल्यातून ही वाईन दिली जाई.

गेल्या काही वर्षांत मात्र या बरणीचे रूप पालटले आहे. डिसेंबर जवळ आला की व्हॉट्सॲपवर ‘घरगुती वाईन, ऑर्डर घेतल्या जातील’ असे संदेश फिरू लागतात. बाटलीवर रंगीत चिठ्ठी, किंमत, घरपोच सेवा असा सारा थाट असतो. मग दरवर्षी कोणीतरी विचारतो, हे कायद्याला धरून आहे का? आणि दरवर्षी कोणीतरी उत्तर देतो, ‘हा आपला धर्माचा भाग आहे, आपल्याला कोण विचारणार?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दोन्ही अंगांनी चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का आहे हे एकदा शांतपणे पाहिले पाहिजे.

प्रथम कायद्याविषयी. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. पूर्वी त्याचे नाव मुंबई दारूबंदी अधिनियम होते, आता ते महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे. राज्यात गल्लोगल्ली परवानाधारक दुकाने दिसत असल्याने आपल्या राज्यात दारूबंदी उरलेली नाही असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः कायद्याची रचना उलटी आहे: मुळात बंदी आणि वर परवान्यांच्या खिडक्या. मद्य तयार करणे, बाळगणे, विकणे, विकत घेणे आणि पिणे हे सारे परवान्याविना निषिद्ध आहे. ‘मद्य’ या शब्दाची कायद्यातील व्याख्याही विस्तृत आहे. वाईन, बिअर, ताडी यांसह अल्कोहोलचा अंश असलेला प्रत्येक द्रव तिच्यात येतो. या अधिनियमाला एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यासंबंधीचा काही भाग रद्द ठरवला, परंतु कायद्याचा गाभा आणि पेय मद्यावरील निर्बंध कायम ठेवले. थोडक्यात, आजीची बरणी आणि हातभट्टीचा पिंप यांत कायदा तत्त्वतः भेद करीत नाही. घरच्या वापरापुरती केली, विकली नाही, एवढ्याने ती वैध होत नाही.

कायदा इतका कठोर का, याला कारण आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसांचे प्राण घेतले. मरणारे बहुतेक जण हातावर पोट असलेले होते. त्या दारूत मिथेनॉल होते. पोटात गेल्यावर त्याचे असे घातक घटक बनतात की प्रथम दृष्टी जाते आणि मग प्राण जातो. अशा घटनांनंतर ‘घरात केलेले मद्य’ हे शब्द ऐकताच अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या तर त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही.

तथापि बरणीतील वाईन आणि हातभट्टी या दोन निराळ्या क्रिया आहेत. हा फरक अनेकदा आपल्यालाच नीट सांगता येत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो. बरणीत घडते ते केवळ आंबणे. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव फळातील साखर खातात आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करतात. बरणीत बुडबुडे येतात ते या वायूचे. ते थांबण्याआधी बाटलीचे बूच घट्ट लावले तर बाटली फुटते, हे अनेक घरांना अनुभवाने ठाऊक आहे. ढोबळ हिशेब असा की एक लिटर रसातील १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल तयार होते. नाशिकच्या मळ्यांत वाईनसाठी मुद्दाम लावलेल्या द्राक्षांत पुरेशी साखर असते. बाजारातील खाण्याच्या द्राक्षांत ती कमी पडते, म्हणून घरच्या कृतीत वरून साखर घालावी लागते. अल्कोहोलचे प्रमाण १४-१५ टक्क्यांच्या आसपास गेले की ते यीस्टलाच सोसवत नाही आणि क्रिया आपोआप थंडावते. त्यापुढे जायचे तर आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ धरावी लागते. त्यालाच दारू गाळणे म्हणतात, आणि भट्टी तेथे सुरू होते. फळांच्या आंबण्यातही मिथेनॉल तयार होते, परंतु अत्यल्प. मोठ्या विषबाधांमागे बहुधा औद्योगिक मिथेनॉलची भेसळ असते. तेव्हा स्वच्छ बरणीत, घरच्या माणसांसाठी, भट्टीविना केलेली वाईन मालवणीच्या वाटेने जात नाही, असे म्हणण्यास आधार आहे. ती अनोळखी हातांतून बाटल्यांच्या रूपाने विकली जाऊ लागली, की ती कोणी केली, तिच्यात काय घातले हे सांगणारा कोणी उरत नाही, आणि मग हा आधार निसटतो.

आता शासनाची भूमिका पाहू. ज्या राज्यात घरातील पाच लिटरची बरणी गुन्हा ठरते, त्याच राज्याने वाईन उद्योगाला गेली पंचवीस वर्षे हात दिला आहे. नारायणगावला १९८० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर वाईननिर्मिती सुरू झाली. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले आणि वाईनला उत्पादन शुल्कात भरघोस सवलत दिली. विंचूर येथे वाईन पार्क उभे राहिले. नाशिक परिसरात एकामागून एक वायनरी निघाल्या आणि ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. २७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याचे हित हे त्याचे कारण सांगण्यात आले. विरोधी पक्षाने रान उठवले, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे सरकार बदलले आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आले, तेव्हाही वाईनला त्या वाढीतून वगळण्यात आले.

शेतकऱ्याचे हित पाहू नये असे कोणीही म्हणणार नाही. नाशिक धर्मप्रांतातील आपलीही अनेक कुटुंबे शेतीवर जगतात. परंतु राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीसाठी प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि त्याच तत्त्वाचा आधार घेऊन उभा असलेला कायदा कारखान्याच्या वाईनला पायघड्या घालतो व घरच्या बरणीला गुन्हेगार ठरवतो. या धोरणाची संगती लावणे कठीण आहे. मद्य कोण करतो यापेक्षा शुल्क कोण भरतो यालाच येथे अधिक महत्त्व आहे, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला काय उत्तर द्यावे?

२०२२ च्या त्या गदारोळात एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आले: वाईन म्हणजे दारू नव्हे. आपल्या समाजातही हे वाक्य लोकप्रिय आहे, म्हणून त्याची साधी आकडेमोड करून पाहू. बारा टक्के अल्कोहोल असलेल्या वाईनचा १५० मिलिलिटरचा एक पेला घेतला तर पोटात १८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल जाते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये (४२.८ टक्के धरून) ते १३ मिलिलिटरपेक्षाही थोडे कमी असते. म्हणजे वाईनचा भरलेला पेला पेगहून भारी आहे. फरक असतो तो पिण्याच्या रीतीचा: जेवणासोबत, हळूहळू, घरच्यांच्या संगतीत. रीत पाळली तर फरक उरतो. टीव्हीसमोर एकट्याने बाटली संपवली तर शरीराला ती द्राक्षांची होती की धान्याची, याने काही फरक पडत नाही. शिवाय घरच्या वाईनवर तिची तीव्रता लिहिलेली नसते. साखर सढळ हाताने घातली असेल तर ‘मुलांनाही चालते, गोडच तर आहे’ असे म्हणून दिलेला पेला किती जड आहे हे कोणालाच ठाऊक नसते. मुलांना वाईन चाखवण्याची ही सवय, सणाची असली तरी, थांबली पाहिजे.

रोज एक पेला हृदयाला चांगला, ही समजूतही आता टिकणारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट केले की आरोग्याला मुळीच धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. ज्या फ्रान्सचे उदाहरण आपण ‘तिकडे तर रोज पितात’ म्हणून देतो, त्या फ्रान्समध्ये १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाईन खपत असे. आज तो खप निम्म्याहूनही खाली आला आहे. रोजची वाईन तेथेच मागे पडत असताना आपण ती आधुनिकतेचे लक्षण म्हणून उचलावी, हे थोडे विनोदी आहे.

याचा अर्थ वाईन पापमय आहे असा नव्हे. ख्रिस्तसभेने तसे कधीच शिकवले नाही. स्तोत्रकर्ता द्राक्षारसाकडे माणसाच्या हृदयाला आनंद देणारे देवाचे दान म्हणून पाहतो, बेनसिराचा ग्रंथ माफक पिणाऱ्याची वाखाणणी करतो आणि त्याच ग्रंथात अति पिणाऱ्याला खडे बोलही आहेत. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२९०) मद्याचा उल्लेख येतो तो संयमाच्या सद्गुणाखाली, अन्न, तंबाखू व औषधे यांच्या अतिरेकासोबत. काना गावच्या लग्नाचा दाखला मात्र आपल्याकडे प्रत्येक पार्टीत इतक्या वेळा दिला जातो की त्या सहा रांजणांनाही संकोच वाटावा. तो चमत्कार एका कुटुंबाची लाज राखण्यासाठी होता. पाहुण्यांनी किती प्यावे याचा तो परवाना नव्हे.

आता ‘धर्माचा भाग’ या युक्तिवादाकडे वळू. मिस्साबलिदानासाठी द्राक्षारस अनिवार्य आहे हे खरे, आणि आपल्या दारूबंदी कायद्यातही धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या वाईनची स्वतंत्र तरतूद आहे. परंतु वेदीवरील द्राक्षारस कसा असावा हे धर्मसभेच्या कायद्यातील ९२४ वे कलम स्पष्ट सांगते: तो नैसर्गिक, द्राक्षांचाच आणि न बिघडलेला असला पाहिजे. २००४ च्या ‘रेदेम्प्सियोनिस साक्रामेंतुम’ या सूचनापत्राने त्यात अन्य कोणताही पदार्थ मिसळलेला नसावा असे बजावले. जून २०१७ मध्ये उपासनाविषयक परिषदेने जगभरच्या बिशपांना पत्र लिहून, भाकर व द्राक्षारस आता दुकानांतून व इंटरनेटवरूनही मिळू लागल्याने, त्यांच्या शुद्धतेची खात्री करण्याची आठवण दिली. गहू, जळक्या साखरेचा रंग, बीट, आले किंवा जांभूळ घातलेली आपली नाताळची वाईन कितीही चवदार असली तरी या कसोटीला उतरत नाही, आणि तिने उतरावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. ती जेवणाच्या टेबलावरची वस्तू आहे. वेदीसाठी दिलेली सवलत स्वयंपाकघरापर्यंत ताणू गेलो तर स्वयंपाकघराला काही मिळणार नाही. उलट वेदीच्या सवलतीवरच संशय ओढवेल.

केरळमध्ये याची चुणूक दिसली. तेथे मिस्साच्या वाईनसाठी चर्चना स्वतंत्र परवाने दिले जातात. २०१९ च्या नाताळच्या तोंडावर तेथील उत्पादन शुल्क खात्याने घरगुती वाईन करणे व विकणे हा गुन्हा असल्याची जाहीर आठवण करून दिली. समाजमाध्यमांवरून चाललेली विक्री आणि वाईन करण्याच्या चित्रफिती खात्याच्या नजरेत आल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांची चाल एकाएकी गुन्हा कशी, म्हणून मोठी ओरड झाली. परंतु गुन्हा एकाएकी झाला नव्हता. चार भिंतींतील गोष्ट बाजारात आली आणि कायद्याची नजर तिच्यावर गेली, एवढेच घडले. आपल्याकडील डिसेंबरच्या जाहिराती त्याच दिशेने चालल्या आहेत.

मग मागणी काय असावी? माझ्या मते ख्रिस्ती समाजासाठी म्हणून वेगळी सवलत मागणे अयोग्य आहे आणि ती मिळणारही नाही. मागणी असावी ती घरासाठी, कोणत्याही धर्माच्या व जमातीच्या. फळे वा धान्य आंबवून, भट्टीविना, ठराविक मर्यादेत, केवळ घरच्या वापरासाठी केलेल्या पेयाला कायद्याने गुन्ह्यातून वगळावे आणि त्याची विक्री पूर्ववत गुन्हाच ठेवावी. ही कल्पना जगावेगळी नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन वा अधिक प्रौढ असतील तर त्याच्या दुप्पट वाईन करविना घरी करता येते, परंतु विकता येत नाही. ब्रिटनमध्येही स्वतःच्या वापराची घरची वाईन परवान्यातून व करातून मुक्त आहे. दूर कशाला, मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना घरच्या वापरापुरते मोहाचे मद्य करण्याची मर्यादित मुभा आहे, आणि ते तर गाळलेले मद्य असते.

आदिवासींची आठवण येथे मुद्दाम काढली. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मद्यबंदीच्या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा जयपाल सिंग यांनी उभे राहून सांगितले होते की तांदळाच्या घरगुती बिअरवाचून आदिवासींचे धार्मिक विधी पार पडत नाहीत आणि ही तरतूद त्यांच्या हक्कांवर घाला आहे. त्यांचे म्हणणे तेव्हा मानले गेले नाही. वसईच्या पूर्वेला डोंगरपट्टीत राहणारे आपले वारली व कातकरी बांधव याच कायद्याच्या कचाट्यात वर्षानुवर्षे सापडत आले आहेत. बंगल्यातल्या बरणीपर्यंत पोलीस सहसा पोहोचत नाहीत, पाड्यावरच्या मडक्यापर्यंत लवकर पोहोचतात. आपण केवळ नाताळच्या बरणीपुरते बोललो आणि त्या मडक्याचा विसर पडला, तर आपल्या मागणीत न्याय्य असे फारसे काही राहणार नाही.

अशी मागणी करण्याचा अधिकार मिळवायचा तर विक्री आपणहून थांबवावी लागेल. ही गोष्ट काही घरांना जड जाईल. पतीच्या आजारपणात किंवा मुलांच्या फीसाठी डिसेंबरच्या बाटल्यांवर चार पैसे मिळवणाऱ्या भगिनी आहेत, त्यांच्यावर तुटून पडण्यात शौर्य नाही. केक, नेवऱ्या, लोणची, मसाले यांना भरपूर गिऱ्हाईक आहे आणि त्यांच्यामागे कोणी अधिकारी लागत नाही. त्यांना त्या व्यवसायाकडे वळण्यास धर्मग्रामांतील महिला मंडळे व पतपेढ्या मदत करू शकतात.

आणखी एक विषय राहतो, आणि त्याबद्दल बोलणे अधिक अवघड आहे. अनेक चर्चच्या सभागृहांत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा नियमित भरतात. त्या सभांत बसणाऱ्या माणसासाठी नाताळचा आठवडा हा वर्षातील सर्वांत कठीण आठवडा असतो. तो ज्या ज्या घरी शुभेच्छा द्यायला जातो तेथे प्रेमाने पेला पुढे येतो, आणि ‘अरे, घरचीच आहे, थोडी घे’ हा आग्रह होतो. त्याने नकार दिला की कारण विचारले जाते, तेही चारचौघांत. मद्याचा पहिला घोट हा ज्याच्यासाठी शेवटच्या पायरीची सुरुवात आहे, त्याला त्या वेळी खोटे बोलावे लागते किंवा पेला उचलावा लागतो. पेला उचलणाऱ्याची पत्नी शेजारी बसून हे सारे पाहत असते.

ज्या ख्रिस्तसभेला वेदीवर द्राक्षारस अनिवार्य वाटतो, तिनेही अशा माणसासाठी वाट काढली आहे. जुलै २००३ मध्ये श्रद्धाविषयक परिषदेने (तेव्हा तिचे प्रमुख कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, होते) एका पत्राद्वारे कळवले की ज्या धर्मगुरूंना किंवा प्रापंचिकांना मद्य वर्ज्य आहे, त्यांना स्थानिक बिशपांच्या अनुमतीने ‘मुस्तुम’ वापरता येईल. मुस्तुम म्हणजे द्राक्षांचाच रस. तो ताजा असतो किंवा त्याचे स्वरूप न बदलता त्याचे आंबणे रोखून धरलेले असते. मिस्साबलिदानात जेथे एवढी सोय होऊ शकते, तेथे आपल्या दिवाणखान्यात ती होणे अशक्य नसावे. काही घरांत अलीकडे नाताळच्या तबकात सारख्याच पेल्यांतून वाईन आणि कोकम सरबत शेजारी शेजारी ठेवले जाते. दोन्हींचा रंग जवळजवळ सारखा दिसतो, आणि कोणी कोणता पेला उचलला हे यजमानही पाहत नाही.